तवारिशांचं बिटाचं सूप

एखादा माणूस गाडीच्या पुढच्या सीटवर बसल्या बसल्या किती हलू शकतो, ते मला तवारिशांमुळे कळलं. इंटरनॅशनल सिटीतून निघून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या कारखान्यात पोचेपर्यंत ते एसीची झडप वर करायचे, खाली करायचे, आरसा आपल्याकडे वळवून बाहेरचे ट्रक बघायचे आणि गुडघ्यावर बोटं वाजवत राहायचे. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि राज्य यांचं! "अहो तवारिश, दोन मिनिटं स्वस्थ बसा की," असं मी रोज म्हणायचे. "बसून काय करू?" हे त्यांचं रोजचं उत्तर.

खरं नाव रघुनाथ पाटकर. मिरजेचे. विशीत शिष्यवृत्ती मिळवून सोव्हिएत युनियनमध्ये इंजिनिअरिंग शिकायला गेले. जाताना कट्टर कम्युनिस्ट होते, येतानाही होते. मधल्या काळात त्यांच्या डोळ्यांदेखत तो अख्खा देशच मोडीत निघाला. तवारिश म्हणजे रशियन भाषेत कॉम्रेड. कारखान्यात कुणीतरी टिंगल म्हणून ते नाव ठेवलं आणि यांनी ते हौसेने लावून घेतलं. इंटरनॅशनल सिटीत इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. चायना क्लस्टरमध्ये घर स्वस्त मिळत होतं, पण हट्टाने राहिले ते रशियामध्येच. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, "वेळ झाला नाही. आधी ते सोव्हिएत युनियन का पडलं हे शोधायचंय."

ते का पडलं? गाडीत बसले की हा प्रश्न सुरू. सोमवारी दोष नोकरशाहीचा असायचा, मंगळवारी शस्त्रांवर उधळलेल्या पैशाचा, बुधवारी तेलाच्या भावाचा. गुरुवारपर्यंत सगळ्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांची वासलात लागलेली असायची. प्रत्येक कारण मांडून झालं की माझ्याकडे वळून विचारायचे, "बरोबर आहे ना?" आणि मी लेन बदलता बदलता "हो हो, बरोबर" म्हणायचे, कारण शेजारून कंटेनर जात असायचा. मग दुसऱ्या दिवशी ते स्वतःच ते कारण खोडून काढायचे. डोक्याला ताप होता नुसता. पण ते सुट्टीवर गेले की गाडी इतकी रिकामी वाटायची की मी रेडिओवर अरबी बातम्या लावायचे, न कळणाऱ्या.

माझा नवरा समीर बँकेतला. त्याच्यापाशी याचं सरळ उत्तर होतं. एकदा आमच्याकडे जेवताना तो म्हणाला, "तवारिश, इट्स सिंपल. फुकटात कोण काम करेल? सगळ्यांना सेम मिळणार असेल तर माणूस आळशीच होणार."

तवारिश ताटावरून उठून उभे राहिले. हातात अर्धी पोळी तशीच. "तुझ्या आईने तुला फुकटच जेवायला घातलं ना? ती आळशी होती का? उत्तर दे!"

"अहो, ते वेगळं."

"वेगळं कसं? तेच तर विचारतोय मी, ते वेगळं कसं!" आणि पोळी हातात घेऊनच आमच्या हॉलमध्ये येरझाऱ्या. माझी लेक कानाशी येऊन म्हणाली, "आई, इज अंकल अँग्री?" मी म्हटलं, "नाही गं, विचार करतायत." ती म्हणाली, "व्हाय कान्ट ही थिंक सिटिंग डाऊन?"

आमच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे डबे बनतात, हॉटेलवाले ज्यात बिर्याणी बांधून देतात ते. मी क्वालिटीला, तवारिश मशिन्स सांभाळायचे. एकदा शारजाच्या एका गिऱ्हाइकाने अख्खा ट्रक परत पाठवला, डब्यांच्या कडा फाटत होत्या म्हणून. माझा चेहरा पडलेला, मॅनेजर तापलेला, आणि हा माणूस माल उतरवायच्या धक्क्यावर उभा राहून हसतोय! "मेधा, बघ, माल परत आला! माल परत आला!" वाढदिवसाचा केक आल्यासारखा आनंद. आमचा लेबनीज मॅनेजर मला म्हणाला, "हबीबी, व्हॉट इज राँग विथ दिस मॅन?" मलाही तेच विचारायचं होतं. भयंकर राग आला होता मला. संध्याकाळी गाडीत बसल्याबरोबर काढला मी तो.

"तुम्हाला हसू कसलं येतं हो? ट्रक परत येणं म्हणजे माझं नाक कापलं जाणं आहे."

ते बोटं वाजवायचे थांबले. मग मला कोल्यामामाची गोष्ट सांगितली. इतर गोष्टी त्यांनी शंभरदा सांगितल्या, ही एकदाच.

तिथे शिकत असताना त्यांना एका पंपांच्या कारखान्यात प्रॅक्टिकलला पाठवलं होतं. फोरमनचं नाव कोल्या. हे त्याला कोल्यामामा म्हणायचे, आणि तोही यांना घरून काकडीचं लोणचं आणून द्यायचा. ओतकामातून येणाऱ्या पंपांना चिरा असायच्या. कोल्यामामाची माणसं त्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायची, वर हिरवा रंग मारायची, आणि पंप शेतांवर रवाना. कारण वरून आकडा ठरलेला, इतके पंप म्हणजे इतके. आमचे तरुण कॉम्रेड सभेत उभे राहिले आणि हे सगळं सांगून टाकलं. क्रांतीशी प्रामाणिक राहायचं म्हणून. टाळ्या वाजल्या. यांना एक बिल्ला मिळाला. पुढच्या आठवड्यात कोल्यामामाला गोदामात हलवलं, नवा फोरमन आला, आणि लांबीचे डबे पुन्हा उघडले. आकडा तोच राहिला.

"मी गोदामात माफी मागायला गेलो," तवारिश म्हणाले. "तर म्हणाला, पोरा, तू खोटं नाही बोललास. पण ते पंप चिखलात पडतात, चालत नाहीत, हे शेतावरच्या माणसाला कळत नाही का? कळतं. त्याने ते परत कुठे पाठवायचे? त्याच्याही वरच्याने पंप मिळाले अशी सही केलीय. असं म्हणाला तो. म्हणून मी सांगतो मेधा, तुझा ट्रक परत आला ना, तुझं नाक कापलं गेलं ना, नशीबवान आहेस. तिथे काही परत यायचंच नाही. सत्तर वर्षं काही परत आलं नाही."

तो बिल्ला त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होता. रंग उडून गेला होता त्याचा. तो अंगठ्याने घासायची त्यांना सवय होती, आणि त्या संध्याकाळी घर येईपर्यंत तेच चाललं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

एवढं सगळं कळलेला माणूस शहाणा झाला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! त्यांनी स्वतःच्या फ्लॅटमध्ये सोव्हिएत युनियन काढलं होतं.

फ्लॅटमध्ये त्यांच्यासकट सहाजण. बाकीचे सगळे साइटवर किंवा गोदामात कामाला, बायकापोरं गावाकडे. अशा फ्लॅटमध्ये मेस असते, म्हणजे स्वयंपाकाच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि पाळी चुकवली की भांडणं. तवारिशांनी पाळ्याच काढून टाकल्या. "ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याने करायचं, ज्याला जेवढं लागेल तेवढं त्याने खायचं. कपाटाला कुलूप नाही. वहीबिही नाही. आपण काय चोर आहोत?" वयाने मोठा माणूस, सगळ्यांची अडीनडी बघणारा, कुणाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा. नाही कोण म्हणणार? सगळे म्हणाले, लई भारी.

आणि ते चालत होतं! निदान तवारिश तसं सांगायचे. गाडीत फुशारक्या काय मारायचे! "बघ, कुणी पोलीस नाही, कुणी सायबेरियाला पाठवत नाही, तरी चाललंय. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती. बरोबर आहे ना?" त्या माणसाने सगळं आयुष्य त्या एका 'बरोबर'वर लावलं होतं. देश पडला तो माणसांच्या चुकीने, कल्पना शाबूत आहे, आणि पुरावा म्हणजे रशिया क्लस्टरमधलं आपलं स्वयंपाकघर.

प्रत्यक्षात स्वयंपाक करायचा दत्ताराम. मालवणकडचा, एसीच्या डक्टची कामं करणारा, तोंडातून शब्द न काढणारा. बाजीराव कोल्हापूरचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. सुरुवातीला भांडी घासायचा, पण पुढे त्याची पाठ धरली. एकाचा ओव्हरटाइम वाढला. एकाला कांद्याने डोळ्यांना त्रास व्हायला लागला. जेवढं जमेल तेवढं करायचं असल्याने प्रत्येकाला हळूहळू कमी जमायला लागलं. दत्ताराम ड्यूटीवरून यायचा आणि शर्ट न बदलता ओट्याशी उभा राहायचा. मी एकदा लिफ्टपाशी त्याला विचारलं, "दमत नाहीस का रे?" तो म्हणाला, "तवारिशांका बरां वाटता, वैनी."

रविवारी मात्र तवारिश स्वतः रांधायचे. बिटाचं सूप, त्यात कोबी, बटाटा, वर दह्याचा गोळा. आम्हालाही आमंत्रण. सगळे जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून बसायचे आणि हे पळी हातात घेऊन उभे, सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरणारे. "मस्त झालंय ना? खराशो?" खराशो म्हणजे रशियनमध्ये छान. सगळे एका सुरात, "खराशो!" बाजीराव तर वाटी तोंडाला लावून सुर्र करून दाखवायचा. खरं सांगते, ते सूप गोडुस, कोमट आणि अळणी होतं. माझी लेक आजारी असल्याचं सोंग करायची. पण त्या उभ्या माणसाचा चेहरा बघितला की तोंडातून 'खराशो'च यायचं. मलाही त्यांच्याबद्दल जिव्हाळा होता.

तर अशाच एका रविवारी, दुपारी, सूप वाढून झालंय, खराशो म्हणून झालंय, आणि बाकीच्या पाचजणांच्या आतल्या खोलीतून कुकरची शिट्टी आली.

बाजीराव जोरात खोकला. त्याच्या शेजारचाही खोकला. "खालच्या मजल्यावरचा असंल," बाजीराव म्हणाला. मी समीरकडे बघितलं, समीरने वाटीत बघितलं. तवारिश पळी घेऊन उभेच. दुसरी शिट्टी आली, लांबलचक, आणि तिच्याबरोबर मटणाचा असा काही वास सुटला की माझ्या लेकीने आपणहून विचारलं, "आई, व्हॉट्स दॅट? कॅन आय हॅव दॅट?"

तवारिशांनी दार उघडलं. बंकबेडच्या खाली विजेची शेगडी, तिच्यावर कुकर. सूप गळ्याखाली उतरवलं की जेवायचं म्हणून आधीच लावून ठेवलेलं, आणि त्या दिवशी आम्हाला यायला उशीर झाला म्हणून वेळ चुकलेली. प्रत्येक पलंगाखाली एक पेटी. एकीत तूप आणि कोल्हापुरी चटणी, एकीत अंडी, हे मागाहून कळलं, कारण सगळ्या पेट्यांना कुलपं. फक्त दत्तारामची उघडी होती. त्यात कोकमं, सुके बांगडे आणि घड्या घालून ठेवलेले कपडे. सगळे कपडे. तो दुसरीकडे, अल कूझला बेडस्पेस, म्हणजे भाड्याचा पलंग, बघून आला होता. महिना संपला की जाणार होता, आणि हे तवारिश सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

तवारिशांनी वाकून शेगडीचा प्लग काढला, कुकर उचलून बाहेर आणला आणि बाजीरावसमोर ठेवला. "गरम आहे तोवर खा," म्हणाले. मग चपला घालून खाली निघून गेले. खिडकीतून बघितलं तर ते भर उन्हात पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी बाजीरावला नाही नाही ते बोलले. तो बिचारा मान खाली घालून एवढंच म्हणाला, "वहिनी, त्यांचं मन मोडवंना वो."

त्यानंतर गाडीत प्रश्न बंद. एसीची झडपसुद्धा जिथल्या तिथे. वर्षानुवर्षं मी जे मागत होते ते मिळालं, स्वस्थपणा, आणि मला तो सहन होईना. शेवटी एका सकाळी एमिरेट्स रोडवर ट्रॅफिक ठप्प झालेलं असताना ते समोर बघत म्हणाले, "तिथे भीती होती. मी समजत होतो, लोक भीतीने खोटं बोलतात, भीती काढली की खरं बोलतील. माझ्या घरात कसली भीती होती, मेधा?"

"तुम्हाला वाईट वाटेल याची," मी म्हटलं.

"मग ती जास्त वाईट," ते म्हणाले. "पोलिसाला शिव्या तरी देता येतात."

त्यांची साठी जवळ आली होती. कंपनीने व्हिसा वाढवायचा नाही असं ठरवलं, आणि मिरजेला बहिणीकडे जायचं पक्कं झालं. खलास. मी वाट बघत होते, हा माणूस आता म्हणेल की जाऊ दे, सगळं थोतांड होतं. तसं म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "देश गेला, त्याचं मी काही करू शकलो नाही. पण जायच्या आधी त्या घरात एकदा मला खरं ऐकायचंय. नाहीतर मी इथेही लांबी भरून, हिरवा रंग मारून चाललोय." आणि मग पुन्हा गुडघ्यावर बोटं वाजायला लागली. मला हायसं वाटलं.

शेवटच्या रविवारी त्यांनी पुन्हा तेच सूप केलं. मला तर धडकीच भरली होती. दत्ताराम अजून गेला नव्हता. त्या शिट्टीनंतर तवारिशांनी स्वतःच पाळ्या ठरवून भिंतीवर लावल्या होत्या आणि सोमवारची भांडी स्वतः घासत होते, म्हणून तो थांबला होता. सगळे बसले, वाट्या भरल्या. तवारिश पळी घेऊन उभे, ओठ हलले, पण नेहमीचा प्रश्न बाहेर आला नाही. त्यांना दुसऱ्या कुठल्या शब्दांत विचारायचं ते सुचतच नव्हतं. माणसं चमचे धरून बसलेली. शेवटी तवारिश म्हणाले, "कसं झालंय?"

बाजीराव वाटी उचलून सुर्र करायच्या बेतात होता. मी मनात म्हणत होते, अरे बोला, कुणीतरी बोला, नाहीतर हा माणूस असाच विमानात बसेल. बोलायची हिंमत मलाही झाली नाही.

दत्तारामने वाटी खाली ठेवली. "तवारिश, खरां सांगू? ह्यां सूप माका कधी आवडलांच नाय."

पळीतून सूप ठिबकत होतं वर्तमानपत्रावर. तवारिशांनी अगदी हळू विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलास खंय? तुमी म्हणायचास, मस्त झालंय ना? त्याका नाय कसां म्हणतलंय मी?"

मग बाजीरावला तोंड फुटलं, "तिखटच न्हाई वो त्यात! आनि बीट लई शिजतंय!" मग एकेक जण बोलायला लागला. दही आंबट असतं. कुणी म्हणालं, भाषण लांब असतं. कुणी म्हणालं, दत्तारामला एकट्याला राबवलं आम्ही, आणि रडायलाच लागला. माझ्या लेकीने हात वर करून सांगितलं, "अंकल, इट टेस्ट्स लाइक मड." तवारिशांचा चेहरा लाल झाला, डोळे भरले, आणि ते हसत होते. धक्क्यावर परत आलेल्या ट्रकपाशी हसले होते तसेच. "अजून," म्हणत होते. "अजून सांगा."

विमान दुपारचं होतं. मीच सोडायला गेले. गाडीत त्यांनी झडपेला हात लावला नाही. डिपार्चरपाशी सामान ट्रॉलीवर चढवलं. मागे गाड्यांची रांग, हॉर्न वाजताहेत, एक टॅक्सीवाला ओरडतोय, "यल्ला, मॅडम, यल्ला!" मी म्हटलं, "पोचलात की फोन करा." ते ट्रॉली ढकलत दोन पावलं गेले आणि परत वळले.

"मेधा, ते का पडलं असेल? तुला काय वाटतं?"

मी पुढचं ऐकायला थांबले. नेहमी पुढे त्यांचं उत्तर असायचं आणि शेवटी 'बरोबर आहे ना'. ते आलंच नाही. ते ट्रॉलीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते, बोटं न वाजवता. लोक त्यांना वळसा घालून जात होते, मागचे हॉर्न वाढत होते. मग मी बोलायला लागले. काय बोलले ते आता नीटसं आठवत नाही, बहुतेक भाबडंच असेल. टॅक्सीवाला दुसऱ्यांदा ओरडला तरी ते हलले नाहीत. ते ऐकत होते.